गिंकोचं पान

चौदा वर्षं हे डोकं माझ्या हातात होतं.
पहाटेचा सराव संपला, अंघोळ झाली
की क्योहेई माझ्याकडे पाठ करून बसायचा चटईवर,
एकशे बेचाळीस किलोंचा माणूस
आणि मान शाळकरी पोरासारखी पुढे.
मी मेण चोळायचो,
लाकडी कंगव्यानं एकेक गुंता सोडवायचो.
फार बोललो नाही आम्ही कधी.
आदल्या दिवशी हरलाय की जिंकलाय
ते टाळूच सांगायची.

तालमीतलं त्याचं नाव हामाकागे,
किनाऱ्यावरची सावली. उस्तादांनी दिलेलं.
लाकडी पट्टीवर लिहून भिंतीला टांगलेलं.
चौदा वर्षं ती पट्टी पुढेमागे सरकत राहिली,
जिथून पगार सुरू होतो
त्याच्या कायम दोन बोटं अलीकडे.

वरच्या मल्लांची शेंडी
गिंकोच्या पानासारखी पसरवून बांधतात.
खालच्यांची नुसती गाठ.
ते पान त्याच्या डोक्यावर मी एकदाच बांधलं,
ओसाकाला, मार्चमध्ये,
वरच्या गटात एक गडी कमी पडला म्हणून.
सात सेकंदांत हरला.
रात्री म्हणाला, आज सोडू नका, राहू दे.
आणि उशीला डोकं न लावता
भिंतीशी बसून राहिला उजाडेपर्यंत.

मग गुडघा.
मग दुसरा गुडघा.

केस उतरवण्याचा समारंभ
मोठ्यांचा मोठ्या आखाड्यात होतो.
ह्याचा आमच्या जेवणघरात झाला,
रश्श्याचं पातेलं कोपऱ्यात सरकवून.
तिथे रिंगण नाही, म्हणून बायकांना मज्जाव नाही.
केसेन्नुमाहून त्याची आई आली होती, तोमिए,
कालवं सोलून सोलून बोटांना चिरा पडलेली.
कात्री हातात घेऊन थांबली.
म्हणाली, ह्याचं जावळ मीच काढलेलं,
तेव्हा असा काही रडला होता की...
आणि वाक्य तिथेच ठेवून
दोन केस कापले तिनं. मोजून दोन.

शेवटची कात्री उस्तादांची.
गाठ त्यांच्या मुठीत आली,
आणि दोर कापल्यावर होडीची नाळ उचलते
तशी क्योहेईची मान
आपसूक वर गेली.

पट्टी त्यानं स्वतः काढली.
तिच्यामागे भिंतीचा रंग अजून कोरा होता.
नाव उस्तादांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला,
कुणाला तरी होईल.

त्या रात्री मला फोन:
शाम्पू किती घ्यायचा असतो?
मी खूप हसलो.
मग मोरीत जाऊन माझे हात धुतले, तीनदा.

नोव्हेंबरात आला भेटायला, कालवांची पिशवी घेऊन.
आता सेंदाईला असतो, म्हाताऱ्यांच्या आश्रमात.
सवयीनं चटईवर बसला, पाठ करून,
आणि सवयीनं माझा हात गेला.
आखूड केस, टोचणारे. करण्यासारखं काही नव्हतं.
नुसता तळवा ठेवला.
टाळूवर मला काहीच वाचता येईना.

सांगत होता,
माणूस उचलायला शिकतोय,
ढकलायचं विसरायलाच वेळ लागला.
एक आजोबा आहेत, रोज नव्या नावानं हाक मारतात.
काल मी त्यांचा बुडालेला भाऊ होतो,
परवा पोस्टमन.
मग तू काय करतोस?
म्हणाला, ओ देतो.

जूनमध्ये मला पासष्ट पुरी होतात.
आम्हा केशकारांनाही इथे वेगळंच नाव असतं,
सत्तेचाळीस वर्षं मी त्याच नावाचा आहे.
खऱ्या नावानं हाक मारणारी
एक बहीण तेवढी उरलीय, तीही बहिरी.
हल्ली मोरीचं दार लावून
मी स्वतःला त्या नावानं हाक मारून बघतो.
नळ सुरू ठेवतो, पोरांना ऐकू जायला नको.
तिसऱ्या-चौथ्या खेपेला
आतून ओ येते.